बाईंनी जे सांगितलं न्हाय

बाई गेल्याची खबर आली तवा मी माडाच्या शेंड्यावर व्हतो. माजं असंच असतं, कुठल्याच मोठ्या गोष्टीच्या वेळी माजे पाय जमिनीवर नसतात. देश सोतंत्र झाला त्या दिवशीपन मी माडावरच, आनि खाली उतरून इचारलं की बाबांनो, आज मिठाई कसली वाटताय, तर अख्खी आळी पोट धरून हसली. ह्या वेळी खालून हिरा वरडली. हिरा म्हंजे माजी शेजारीन, सुकी मासळी विकते. म्हनाली, "धाकूमामा, खाली या. वत्सलाबाई वारल्या." मी वरून म्हनालो, नारळ पाडून येतो. असं का म्हनालो, ठाव न्हाय. थोडे पाडलेपन. मंग कोयता वरच इसरून उतरायला लागलो, तर अर्ध्यात हात सुटले आनि छातीनं घासत खाली आलो. सगळी सालटी निघाली. बाईंच्या दारात पोचलो तवा सदऱ्याला रगत लागलेलं, लोकांना वाटलं हा दुःखानं ऊर बडवून आलाय. मी काय बोललो न्हाय. फुकटचा मान मिळत असंल तर मी कधी सोडत न्हाय.

मला लिहिता येत न्हाय. मी सांगतो आनि माजी सून लिहून घेते, ती सातवी झालीय. मधी मधी ती थांबते आनि म्हनते, मामंजी, हे लिहायचं का खरंच? मी म्हनतो, लिही. ज्यांना बाई ठाव न्हाईत त्यांच्यासाठी सांगतो. वत्सलाबाई आमच्या गावच्या शाळेत मास्तरीन व्हत्या. लग्न केलं नव्हतं. सोतंत्र झाल्यावर दोन-चार वर्सांनी त्यांनी रेवदंड्याच्या अलीकडं, समुद्राला लागून असलेल्या एका मोठ्या वाडीत मे महिन्यात पोरांचं शिबिर भरवायला सुरवात केली. पोरं मुंबईच्या चाळीतली, ज्यांचे आईबाप गिरनीत जातात त्यांची, आनि काही आमच्या बाजूची. रेवसपर्यंत बोटीनं यायची, पुढं यष्टीनं. येताना पांढरी फटक, जाताना काळी कुळकुळीत, आनि आया म्हनायच्या, बाई, आमचं पोर हेच का. वाडी मालकांची व्हती. मालक तवा शाळेच्या कमिटीवरपन व्हते. मी त्यांच्याकडं सुपारीला पानी शिंपायचं काम करायचो.

बाईंना सैपाकी पायजे व्हता. मी म्हनालो, मला येतो सैपाक. माजा सैपाक म्हंजे शिमग्याला सोंगं काढून झाल्यावर पिऊन पडलेल्या लोकांना जो भात घालायचो तो, आनि त्यांनी कधी तक्रार केली न्हाय. पैल्याच दिवशी भात खाली करपला, वर कच्चा ऱ्हायला, मधला तेवढा बरा. बाईंनी मधला काढून पोरांना वाढला. करपलेला आनि कच्चा आमाला, म्हंजे मला आनि शिबिरातल्या सगळ्या दादा-तायांना. दादा-ताया म्हंजे कॉलेजातली तरनी पोरं-पोरी, पोरांना संबाळायला आलेली. बाई सोतापन तोच करपलेला खात बसल्या, आनि त्यातल्या एका दादानं तोंड वाकडं केलं तवा म्हनाल्या की हितं मुलं जेवल्याशिवाय मोठ्या मानसानं जेवायचं न्हाय, आनि मुलांना जे चांगलं ते आपल्याला वाईट असंल तर तेच बरोबर हाय. मी आपला मान खाली घालून करप चावत व्हतो. पुढं भात बरा यायला लागला. भूक लय शिकवते.

मंग पोरं माज्यामागं फिरायला लागली, कारन मी सोंगं काढायचो. नऊवारी नेसून कोळीन व्हायचो, पडायचो, ओंडक्याला नमस्कार करायचो. बाईंनी मलापन दादा करून टाकलं. धाकूदादा. आनि गंमत बगा, सैपाकघरात बाई मला "धाकू, मीठ जास्त झालं" म्हनायच्या, आनि पोरांसमोर आलो की "धाकूदादा, तुम्ही जरा इकडे या". पैल्यांदा असं म्हनाल्या तवा मी मागं वळून बगितलं, कोन आलंय म्हनून. जन्मात मला कोन तुमी म्हनालं नव्हतं. बाई म्हनाल्या की दादाला मान न्हाय दिला तर पोरं त्याचं ऐकनार न्हाईत, आनि मान दिला तर त्याला तसं वागावं लागंल. दोन्ही बाजूनी मला बांधून टाकलं त्यांनी.

बाईंचे नेम लय व्हते. लिहून कायपन नव्हतं. पोरं यायच्या आधी सगळ्या दादा-तायांना वाळूत बसवून त्या एकेक सांगायच्या, आनि आमच्याकडून परत म्हनून घ्यायच्या. पोराला मारायचं न्हाय. उपाशी ठेवायचं न्हाय. पोराला आपल्या कामाला लावायचं न्हाय, पान्याचा तांब्यापन आपला आपन आनायचा. पानी चढतंय का उतरतंय ते कोळ्याला इचारल्याशिवाय पोराला समुद्रात न्यायचं न्हाय. पोराच्या व्यंगावर हसायचं न्हाय. हे ऐकून मी इचारलं, मंग माजा धंदा कसा चालंल? मी सगळ्यांच्या नकला करनारा मानूस. बाई म्हनाल्या, "तुझ्याकडे स्वतःचं एवढं आहे की, धाकू, दुसऱ्याकडे कशाला जातोस?" सगळे हसले. मीपन हसलो. पन तवापासनं खरंच मी सोताच्याच नकला करतो. लोक म्हनतात धाकूला लाज न्हाय, सोताचं सगळं सांगतो. लाज हाय हो. पन सवय लागली.

एक सांगतो म्हंजे बाई कशा व्हत्या ते कळंल. नवीन जागी आलेली पोरं, त्यात समुद्राचा आवाज, झोपेत गोधडी ओली करायचीच कोन ना कोन. एका सकाळी मला एक ओली गोधडी दिसली. मी लय कामसू, ती उचलली, धुतली आनि विहिरीसमोरच्या दोरीवर एकटीच वाळत घातली, सगळ्या शिबिराला दिसंल अशी. बाई आल्या, बगितलं. मला रागावल्या न्हाईत. पडवीत गेल्या, आनि सगळ्याच्या सगळ्या गोधड्या गोळा करून विहिरीपाशी आनल्या. मंग सोताची आनली. मंग म्हनाल्या, रहाट चालव. सगळ्या भिजवल्या आनि सगळ्या दोऱ्यांवर घातल्या. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. शिबिर हाय तोवर रोज सकाळी सगळ्यांच्या गोधड्या भिजायच्या. माजी पाठ मोडली. शिबिर बगायला आलेले पावने म्हनायचे, काय ही सोच्छता. आनि कुठल्याच पोराला कधी कळलं न्हाय की काल कोनाची ओली झाली. ज्याची झाली त्यालापन वाटायचं, सगळ्यांच्याच धुतात की.

आनखी एक नेम असा की कुठल्यापन मोठ्या मानसानं लेकराला एकट्याला घेऊन बसायचं न्हाय. एकदा कालवाचं शिंपलं एका पोराच्या टाचेत घुसलं. मी त्याला सैपाकघराच्या मागं नेलं, म्हनलं बाकीची बगतील तर हे जास्त रडंल. बाई मागनं आल्या आनि म्हनाल्या, पुढं ओसरीवर या, सगळ्यांच्या देखत काढा. मला राग आला. सैपाकघरात गेल्यावर मी भांडं आपटून म्हनालो, बाई, माज्यावर इस्वास न्हाय व्हय? तवा त्या जे म्हनाल्या ते मला शब्दाशब्दानं ठाव हाय. "तुझ्यावर आहे. नियम तुझ्यासाठी नाही. उद्या जो कोणी येईल त्याच्यासाठी आहे. तू पाळलास, तर त्याला मोडता येणार नाही." मला तवा कळलं न्हाय. मी आपला गाल फुगवून रातच्या भाजीत मीठ कमी घातलं, बदला म्हनून. कोनाला कळलंपन न्हाय.

आनि शेवटचा नेम, लेकराला "कोनाला सांगू नको" असं म्हनायचं न्हाय. गोड गोष्टीसाठीपन न्हाय. मी एका पोरीला लिमलेटची गोळी दिली आनि म्हनलं, बाकीच्यांना सांगू नको, माज्याकडं एकच व्हती. तिनं लगेच जाऊन सगळ्यांना सांगितलं आनि सगळी माज्या धोतराला लोंबली. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की बाबा, गोळी द्यायची न्हाय असं न्हाय, पन पोराला गप्प बसायला शिकवायचं न्हाय. जो मानूस लेकराला सांगू नको म्हनतो, त्याच्यावर लक्ष ठेवायचं...

आता पुढचं. सून म्हनते, मामंजी, आधी पानी प्या.

मालकांचा पुतन्या एका वर्सी शिबिरात दादा म्हनून आला. त्याचं नाव मी घेनार न्हाय, का ते पुढं सांगतो. मी त्याला पुतन्याच म्हनतो. लय हुशार. गोष्ट सांगायला बसला की पोरं हलायची न्हाईत. गळा चांगला. माजी सोंगं त्याच्यापुढं फिकी पडली, पोरं मला सोडून त्याच्यामागं जायला लागली, आनि मी जळायचो. म्हनून पुढं जे झालं ते मी बाईंना सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं हा जळतोय. पन मला सांगावं लागलंच न्हाय. बाईंनीच बगितलं.

दुपारची येळ व्हती. जेवनं झाल्यावर पोरं पडवीत आडवी व्हायची आनि बाई रांगेवरनं हळू चालत जायच्या, एकेकाच्या डोक्यावरनं नजर फिरवत. मी भांडी घासत व्हतो. बाई माज्याकडं आल्या. म्हनाल्या, एक लेकरू न्हाय. आवाज चढवला न्हाय. आमी दोघं समुद्राकडं बगितलं, विहिरीकडं बगितलं, मंग वाडीच्या मागच्या कोठीकडं गेलो, जिथं सुपारीची पोती ठेवायचे. दार आतनं लावलेलं. कडी लागलेली. बाईंनी हाक मारली, त्या पुतन्याच्या नावानं, तोच तेवढा कुठं दिसत नव्हता. आत एकदम गप्प झालं. मंग कडी निघाली. तो दारात उभा ऱ्हायला, हसत. म्हनाला, "गोष्ट सांगत होतो, बाई. बाहेर कलकलाट फार आहे." बाईंनी त्याच्याकडं बगितलंच न्हाय. त्याच्या खांद्यावरनं आत बगितलं. लेकरू पोत्याला टेकून उभं व्हतं. मीपन बगितलं. लेकराचं तोंड... 

न्हाय. ते मी सांगनार न्हाय. एवढं सांगतो, की ते तोंड बगितल्यावर इचारायचं कायपन उरत न्हाय. बाई आत गेल्या, लेकराच्या समोर खाली बसल्या, हात लावला न्हाय, नुसतं म्हनाल्या, "चल, उजेडात जाऊ." आनि ते आलं.

पुतन्याला बाईंनी त्याच दुपारच्या यष्टीत बसवलं. त्याची वळकटी मी डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत गेलो. वाटंत तो माज्याशी हवापान्याच्या गप्पा मारत व्हता, आनि मी, येडा मानूस, घाबरून व्हय व्हय म्हनत व्हतो. सगळ्या पोरांना सांगितलं, दादाला घरनं बोलावनं आलं. पोरं रडली त्याच्यासाठी. ते बगनं लय वाईट व्हतं. बाईंनी त्या लेकराला सोता घरी नेऊन पोचवलं. आईला काय सांगितलं ते आई जाने आनि बाई जानोत. जायच्या आधी सैपाकघरात आल्या. चुलीपाशी उभ्या ऱ्हायल्या. म्हनाल्या, "धाकू, तुलाही मी आज तेच सांगते जे सांगायचं नाही म्हणून शिकवलं. कोणाला सांगू नकोस." मी म्हनालो, चौकीवर जाऊ. त्या म्हनाल्या, चौकीवर लेकराला उभं करतील, दहा जन वाकून इचारतील, उद्या गावात आनि परवा चाळीत सगळ्यांना नाव कळंल, आनि मंग ते लेकरू जन्मभर तेवढंच ऱ्हाईल. माज्या तोंडाला झाकन नव्हतं कधी, त्या दिवशी बसवलं.

मालक आले चौथ्या-पाचव्या दिवशी. ओसरीवर बसले, मी पानी दिलं. म्हनाले, माज्या घरच्या पोराला हाकलता, कारन सांगा. बाई म्हनाल्या, "नियम मोडला." मालक म्हनाले, कुठला? बाई गप्प. मालकांनी परत इचारलं. बाई परत गप्प. कारन नेम सांगितला की मालक इचारनार कोनाबरोबर, आनि एवढीशी वाडी, मुठीत मावतील एवढी पोरं. शेवटी मालक म्हनाले, कारन सांगा, न्हायतर पुढच्या वर्सी वाडी मिळनार न्हाय. बाईंनी हात जोडले आनि म्हनाल्या, "मग हे शेवटचं शिबिर." मी खांबामागं उभा राहून ऐकत व्हतो. एक शब्द बोलल्या असत्या तर शिबिर वाचलं असतं. तो एक शब्द म्हंजे त्या लेकराचं नाव व्हतं.

शिबिर बंद पडलं. पुढं बाईंची शाळेतली नोकरीपन सुटली, कमिटीवर मालक व्हते ते मी आधी सांगितलंच. आनि गावाला कारन तर पायजेच असतं, कोनी दिलं न्हाय तर गाव सोता बनवतं. बनवलं ते असं, की तरन्या पोरावर बाईंचा डोळा व्हता, त्यानं दाद दिली न्हाय म्हनून हाकलला. बाजारात, पान्यावर, देवळात. बाया बाईंना बगून पदर तोंडाशी न्यायच्या. मी एकदा सलूनमधी ऐकलं, अर्धी दाढी झालेली, आनि मी उठून त्या मानसाला धरलं, तर त्यानं मला असा ढकलला की मी आरशासकट खाली. गावभर हसू झालं, धाकू बाईंसाठी आरशाशी लढला. बाईंना कळलं. म्हनाल्या, अर्धी दाढी ऱ्हायलीय तुझी.

बाई मंग घरीच पोरांना शिकवायला लागल्या, आमच्या गरिबांची पोरं. मी दर शनवारी नारळ, कधी भाजी घेऊन जायचो, ओसरीवर बसायचो, बोलायचो, उठायचो. ओसरीच्या आत मी कधी गेलो न्हाय. गाव आधीच बोलत व्हतं. ओसरीवर बाई जे बोलायच्या त्यातनं एवढंच कळायचं, की त्या पुतन्यावर त्यांचं लक्ष व्हतं. तो कुठल्या वसतिगृहात लागतोय असं कानावर आलं की बाई पिशवी उचलून रेवसची बोट धरायच्या. तितल्या मोठ्या बाईंना न्हायतर सायबांना एकट्याला भेटायच्या, काय ते सांगायच्या, आनि परत यायच्या. तो तितं लागायचा न्हाय. असं किती येळा झालं मला ठाव न्हाय. बोट लागून उलट्या व्हायच्या त्यांना, परत आल्या की दोन दिवस झोपून असायच्या. 

शेवटी भेटलो तवा ओसरीवरच खाट टाकली व्हती त्यांची. दिवाळी होऊन गेली व्हती. मी नेहमीसारखं सोताचं काहीतरी येडंवाकडं सांगत व्हतो, आनि त्या ऐकत न्हाईत असं वाटलं म्हनून थांबलो. तर म्हनाल्या, "आता लक्ष कोण ठेवणार?" मी म्हनालो, मी हाय की. त्यांनी माज्याकडं लय वेळ बगितलं. मायेनं बगितलं, तेच जास्त लागलं. म्हनाल्या, "तुझं कोण ऐकणार रे, धाकू..."

आनि खरंच कोनी ऐकलं न्हाय. बाईंचं तेरावं उरकल्यावर शाळेत शोकसभा भरली. पुतन्या आला, जीपमधनं. आता तोच मालक हाय, काका वारले, वाडी त्याची, तालुक्यात वजन हाय. ज्या शाळेतनं बाईंना काढलं त्याच शाळेत त्यानं बाईंच्या फोटोला हार घातला. बोलला असं, की बाया रडायला लागल्या. म्हनाला, बाईंचे नि माझे मतभेद झाले, पन आज वाटतं की मला त्यांनीच घडवलं. आनि मंग म्हनाला, येत्या मे महिन्यात त्याच वाडीत बाईंच्या नावानं मुलांचं शिबिर पुन्हा सुरू करतो, सगळं फुकट, जेवन-खान सगळं. टाळ्या पडल्या. हिरा माज्या पुढं बसलेली, तिनंपन वाजवल्या. तिच्या थोरल्याला महिनाभर दोन वेळचं पोटभर मिळनार, का न्हाय वाजवनार.

मंग कोनतरी म्हनालं, धाकू, तू सांग बाईंच्या गमती. मी उठलो. उठतानाच खुर्चीला अडकलो, लोक तितंच हसायला लागले. मी म्हनालो, बाईंनी ह्या मानसाला त्याच दिवशी यष्टीत का बसवला ते बाईंनी सांगितलं न्हाय, मीपन सांगनार न्हाय. पन त्याची वळकटी मी नेली व्हती. तुमची पोरं त्या शिबिरात धाडू नका... एवढंच म्हनालो. आनि मंग तो हसला. सगळ्यात आधी तोच हसला, मोठ्यानं, मान मागं टाकून. म्हनाला, "धाकू, तू अजून तसाच आहेस." बस्स. त्याचं बगून सगळी शाळा हसली. जन्मभर मी लोकांना हसवायला काय काय केलं, नऊवारी नेसलो, चिखलात पडलो, एवढं मोठं हसू मला कधी मिळालं न्हाय.

म्हनून हे पेपरात देतोय. छापलेल्याला लोक हसत न्हाईत म्हनतात. त्याचं नाव घालत न्हाय, कारन त्याचं नाव घातलं की लोक त्या वर्साची पोरं आठवनार, बोटांवर हिशेब करनार, हा का ती. बाईंनी त्यापायी शिबिर घालवलं, शाळा घालवली, आब घालवला. ते मी आता पेपरात खर्चून टाकनार न्हाय. पन तुमी आईबाप आहात, तुमी शिबिर कोनाचंपन असो, हे बगा. दादा पोराला एकट्याला बोलावतो का. सांगू नको म्हनतो का. दार लावतो का. हे इचारलं आनि कोनाला राग आला, तर येऊ द्या. मलापन आला व्हता, मी मीठ कमी घातलं व्हतं, त्यापलीकडं काय झालं न्हाय.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी हिरा आली. टोपली डोक्यावरच. म्हनाली, "धाकूमामा, काल तुमी हसवायला बोललात, का खरं?"

मी म्हनालो, "हसवायला बोललो असतो तर पडलो असतो."

"मी काल शाळेतच पोराचं नाव शिबिरात घातलंय. खरं काय ते सांगा मला."

मला सांगता येईना. त्या लेकराचं नाव ओठावर येतं हो, इतक्या वर्सांनीपन येतं. मी तिला म्हनालो, चल माज्याबरोबर. बाईंच्या घराची चावी माज्याकडं हाय, त्यांचे भाचे अलिबागला असतात, ते म्हनाले, झाडलोट कर. तेराव्यानंतर झाडायला गेलो तवा मी पैल्यांदा आत गेलो, जिथं पोरं शिकायला बसायची त्या खोलीत. बाईंची खाटपन त्याच खोलीत, दुसरी खोली न्हायच. तवा मी जे बगितलं व्हतं ते हिराला दाखवलं. दाराच्या मागं लाकडावर कडीची जागा पांढरी दिसते, आनि खिळ्यांची भोकं हाईत. कडी न्हाय. खाली अडसराची खाचपन लाकूड ठोकून बुजवलेली. दार आतनं लावायला काय म्हंजे काय ठेवलेलं न्हाय.

हिरा म्हनाली, "मोडली असंल."

मी म्हनालो, "मोडली न्हाय. भोकं बग, खिळे वडून काढलेत. शिबिर बंद पडलं तवाच काढले असतील."

"का पन?"

"हितं पोरं यायची ना शिकायला. घरात मोठं मानूस एकच."

हिरानं टोपली खाली ठेवली. ती भोकापाशी गेली आनि बोट लावून बगितलं. ती पन एकटीच असते, नवरा बोटीवर गेला तो आला न्हाय, तिच्या दाराला आतनं दोन कड्या हाईत, मी सोता ठोकून दिल्यात. म्हनाली, "आनि एवढी वर्सं ती ह्या दाराआड एकटी झोपली? लोक असं बोलत असताना?"

मी म्हनालो, व्हय.

तिनं टोपली उचलली. ओसरीवर आल्यावर म्हनाली, "नाव काढून येते," आनि गेली, शाळेच्या बाजूनं, मासळीबाजाराच्या उलट्या वाटंनं. मी कुलूप न घालता दार नुसतं वडून घेतलं. समुद्राचा वारा व्हता, ते परत उघडलं. परत वडलं, परत उघडलं. मंग मी ते तसंच सोडलं आनि ओसरीवर बसून ऱ्हायलो.